निळ्या पट्ट्यांची पिशवी

सिस्टर आली तेव्हा तो चादरीची घडी घालत होता.

चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात. कामावर, लॉन्ड्रीत त्याच्यासमोर लंबू असतो, घरी बायको असायची. आता घरी तो चादरीची दोन टोकं दाराच्या कडीत अडकवायचा, उरलेली दोन हातात धरून मागे सरकायचा, आणि चादर ताणली की चालत दारापर्यंत जायचा. घडी व्हायची. जरा तिरकी व्हायची. त्यातच दार वाजलं. उघडायचं तर आधी कडीतली चादर सोडवायला हवी, म्हणून सिस्टर बाहेर ताटकळली.

“झोपला होतात का, भाऊ?”

“नाही. घडी घालत होतो.”

सिस्टरने चादरीकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं आणि ती खुर्चीवर बसली. अंगावर दवाखान्याचे पांढरे कपडे नव्हते. कुणाच्या घरी जायचं तर ती साध्या कपड्यांतच जायची.

“खालच्या बाईंनी जिन्यातच धरलं मला. कुणाकडे म्हणून. मी म्हटलं, विम्याकडून आलेय. तर म्हणतात कशा, आता काय उपयोग, ती तर गेली.”

पूर्वी त्याला हसू आलं असतं. त्याने पाणी आणून दिलं.

बायकोला जाऊन अडीच महिने झाले होते. आजार दोघांनाही होता, एचआयव्हीचा, अकरा वर्षं. आला तो त्याच्याकडून. पहिल्या वर्षी एकदा तिने त्यावरून घरातली होती नव्हती ती सगळी भांडी फेकली, मग एकेक उचलून घासली, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. मूलबाळ नव्हतं. गोळ्या वेळच्या वेळी, रक्ताचे रिपोर्ट चांगले, आणि एका मंगळवारी दुपारी नळाखाली बादली लावताना डोक्यातली नस फुटून ती गेली. अकरा वर्षं ज्याची धास्ती घेतली ते बाजूलाच राहिलं.

“गुरुवारी तीन वाजता सभा आहे,” सिस्टर म्हणाली. “निधीवाल्या मॅडम येणार. तुम्हाला यायचंय.”

“मी कशाला?”

“ताईंच्या खुर्चीवर बसायला.”

दवाखाना सरकारी निधीवर चालायचा. ज्यांची कमाई कमी त्यांना तपासणी, रक्त, गोळ्या सगळं फुकट. भरती व्हायचं नाही. यायचं, दाखवायचं, गोळ्यांच्या बाटल्या घ्यायच्या, कामाला लागायचं. रोज सकाळी, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पाच ते आठ. संध्याकाळ होती ती रोजंदारीवाल्यांसाठी, आणि ती मिळावी म्हणून चार वर्षांपूर्वी जिने भांडून सगळ्यांना हैराण केलं होतं ती त्याची बायको. निधीचा नियम असा, की दरवर्षीच्या सभेत एक खुर्ची रुग्णाची. ती रिकामी असेल तर सभा धरली जात नाही, आणि सभा झाली नाही तर पुढच्या वर्षाचा निधी अडकतो. बायको चार वर्षं त्या खुर्चीवर बसली.

“दुसरं कुणी बघा ना.”

“सगळ्यांना विचारून झालं. तोंड दाखवायला कोण तयार होतंय? तुम्हाला काही बोलायचं नाहीये. नुसतं बसायचं. सही करायची, चहा प्यायचा.”

“संध्याकाळ बंद करणार म्हणे.”

सिस्टरने पाण्याचा पेला खाली ठेवला. “तसा प्रस्ताव आहे. सकाळी एक्केचाळीस माणसं दिसतात वहीत, संध्याकाळी सहा. सहा माणसांसाठी दिवा, पंखा, डॉक्टर कोण देणार?”

 खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं.

बायको पिशवी घेऊन जायची. लॉन्ड्रीत हॉटेलांचे टॉवेल यायचे, विरले की मोडीत निघायचे. तसा एक निळ्या पट्ट्यांचा टॉवेल त्याने घरी आणला होता, तिने त्याची पिशवी शिवली. दवाखान्याच्या खिडकीत पत्र्याचा एक डबा असायचा, आल्यावर आपलं कार्ड त्यात टाकायचं. ती एकदम पंधरा कार्डं टाकायची. ज्यांना दारात पाऊल टाकायची लाज, भीती, कुणी पाहील म्हणून धाकधूक, त्यांची कार्डं तिच्याकडे. त्यांच्या बाटल्या पिशवीत घालून ती ठरलेल्या जागी नेऊन द्यायची. कुणाकुणाच्या, ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी. पंधरातलं एक कार्ड त्याचं होतं, तेवढं त्याला माहीत. अकरा वर्षांत तो त्या दवाखान्यात दोनदा गेला होता, पहिल्यांदा आजार कळला तेव्हा, आणि नंतर रक्त द्यायला, तेही टोपी घालून.

आता माणूस समोर नाही, वजन नाही, रक्तदाब नाही, तर संध्याकाळच्या वहीत त्याची भेट लिहिता येत नाही. म्हणून सिस्टर त्या पंधरा जणांना दुसऱ्या दिवशी सकाळच्या वहीत लिहायची, ‘बाटली नेली’ एवढंच. सकाळ फुगत गेली, संध्याकाळ वाळत गेली. बायको ज्या संध्याकाळसाठी भांडली, तिच्याच पिशवीने ती संध्याकाळ रिकामी दाखवली. तिच्या हे कधी ध्यानात आलं नाही. ती होती तोवर कुणाच्याच आलं नाही.

“पिशवीचं तेवढं काढू नका,” सिस्टर म्हणाली. “माझी नोकरी आहे, भाऊ. घरी दोन म्हातारी माणसं आहेत.”

“नाही काढत.”

“आणि तुमच्या गोळ्या?”

“नऊ आहेत.”

“सगळ्यांचंच तसं असणार. ताईंनी शेवटचं नेलं ते तीन महिन्यांचं. या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या संपतील. अजून एकही जण फिरकलेला नाही. कार्डावरचे फोन लावून पाहिले. निम्मे खोटे, निम्मे बंद.” ती उठली. “ताईंना माहीत होते सगळे. आता विचारणार कुणाला?”

ती गेल्यावर त्याने चादर पुन्हा कडीत अडकवली.

*

लॉन्ड्रीची पाळी सात ते चार. हॉटेलांच्या चादरी धुऊन, पिळून, रुळांखालून गरम निघतात, आणि दोघा-दोघांनी त्या झेलून घड्या घालायच्या. लंबू त्याच्यासमोर नऊ वर्षं उभा होता. उंच, काटकुळा, तोंडाने फटकळ. टोकाला टोक जुळवायचं, पुढे यायचं, टोक दुसऱ्याच्या हातात द्यायचं, मागे जायचं. दिवसाला चारशे चादरी. बायको गेल्यानंतर पाचव्या दिवशी तो कामावर आला तेव्हा लंबूने दिवसभर चादरी जरा हळू झेलल्या.

“मुकादम, गुरुवारी अर्धा दिवस पाहिजे.”

“आत्ताच चार दिवस घेतलेस की.”

“तेव्हा बायको गेली होती.”

“मग आता कोण गेलं?” मुकादमाने विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्याचा तोच वरमला. “बरं, जा. पण हे शेवटचं. सकाळी दांडी मारणारे मला चालत नाहीत, सांगून ठेवतो. बाहेर रांग लागलीय माणसांची.”

परत जागेवर आल्यावर लंबूने टोक हातात देत विचारलं, “मौनीबाबा, कुठं भाषणाला जाणार की काय?”

“काम आहे.”

“तुझं आणि काम!” लंबू खोकला. हल्ली तो खोकायचा. दोन चादरी झाल्यावर त्याने खाली बघत विचारलं, “वहिनींची ती पिशवी काय केलीस रे?”

“कुठली?”

“ती, निळी. डब्याची.”

“खुंटीला आहे.”

“हां.” लंबू म्हणाला. “आपलं सहज विचारलं.”

*

सभेची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. लांब टेबल, आठ खुर्च्या, बंद पडलेलं घड्याळ. एका खुर्चीसमोर पुठ्ठ्याची पाटी होती, ‘रुग्ण प्रतिनिधी’. त्या खुर्चीवर एक पातळ उशी होती, चादरीच्या कापडाची. शिवण बघूनच त्याने ओळखली. तो उशीवर बसला. शेजारी डॉक्टरीणबाई, पलीकडे सिस्टर, समोर निधीवाल्या मॅडम, त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा. चहा आला, बिस्किटं आली. कुणी बिस्किटाला हात लावेना म्हणून त्यानेही लावला नाही.

मॅडमनी आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. तशी पद्धत होती. मागच्या वर्षी कोण काय म्हणालं ते वाचायचं आणि सगळ्यांनी सही करून ते खरं म्हणायचं.

“रुग्ण प्रतिनिधींनी निदर्शनास आणले की,” मॅडम एका सुरात वाचत होत्या, “खिडकीजवळचा बाक हलतो. रुग्ण प्रतिनिधींनी निदर्शनास आणले की सायंकाळी पाण्याचे पिंप रिकामे असते. रुग्ण प्रतिनिधींनी विचारणा केली की, सभेला चहा मिळतो, तर तासभर थांबणाऱ्या रुग्णांना का मिळू नये. यावर सभेत हशा झाला.”

तो ऐकत होता. ती असं बोलायची नाही. ती म्हणाली असेल, अहो, तो बाक बघा आधी, एखादा आपटायचा. पण बाक तिचाच होता, पिंपही तिचंच. पंधरा-सोळा ओळी होत्या. संपल्या तेव्हा कागद त्याच्याकडे सरकला. ती असती तर यंदा तिने जिथे सही केली असती तिथे सही करायला.

त्याने केली.

“आता यंदाचं,” मॅडम म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, दमलेला होता. “सकाळच्या वहीत एक्केचाळीस माणसं, संध्याकाळच्या वहीत सहा. निधी यंदा कमी झालाय, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मला तीन दवाखान्यांतून काहीतरी काढायचंय. संध्याकाळची वेळ बंद करून ते रुग्ण सकाळी वळवावेत असा प्रस्ताव आहे. डॉक्टर?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रुग्णांची गैरसोय होईल. 

“रुग्ण प्रतिनिधींचं काही म्हणणं?”

सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती चहाच्या कपाच्या कानाशी बोट फिरवत होती.

त्याला बोलायचं नव्हतं. तो शब्द देऊन आला होता. आणि पिशवीचं काढलं तर ते तिच्यावर येणार, गेलेल्या बाईवर, की बाई, तुझ्या चांगुलपणानेच सगळं बुडालं. पण सकाळी एकही दिवस मुकादम सोडणार नाही. पाच गोळ्या उरल्या होत्या. त्याच्या पाच, आणि कुठे कुठे असलेल्या चौदा माणसांच्या अशाच चार-चार, पाच-पाच. त्याला स्वतःच्या गोळ्यांचं फार काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर अडीच महिन्यांत त्याला कशाचंच फार काही वाटलं नव्हतं. तिने त्या चौदा जणांना शब्द दिला होता, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दिलेला शब्द घरातला होता.

“बाक अजून हलतो,” तो म्हणाला.

मॅडम हसल्या. “लिहून घेते.”

“आणि संध्याकाळी सहा नाही. एकवीस.”

कपाच्या कानावरचं बोट थांबलं.

“माझी बायको पंधरा जणांची कार्डं टाकायची, तिच्या स्वतःच्या कार्डाखेरीज. बाटल्या नेऊन द्यायची. त्यातला एक मी. आम्ही आत आलो नाही म्हणून आम्ही संध्याकाळच्या वहीत नाही. सकाळच्या वहीत जी जास्तीची माणसं दिसतात ती सकाळची नाहीत. सकाळी ती सगळी कामावर असतात. मीही असतो.”

“पण हे नियमात बसत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“नाही बसत.”

“मग ज्यांना कुणी पाहिलंच नाही अशी माणसं मी अहवालात कशी लिहू?”

“नका लिहू. पण ती आहेत.”

मॅडमनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाली, “मीच लिहिलं सकाळच्या वहीत. बाटली चुकली असती तर माणूस उपचारातून सुटला असता. ताईंवर माझा विश्वास होता.” एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघू लागली.

 मग मॅडम म्हणाल्या, “वहीतली चूक इतिवृत्तात येईल. खुलासा मागावा लागेल, त्याला माझा इलाज नाही. अहवाल मला पंधरा दिवसांनी पाठवायचाय. तोवर संध्याकाळच्या वहीत माणसं दिसली, समोर बसलेली, वजन घेतलेली, तर मी तसं लिहीन. नाही दिसली तर नाही.” आणि त्यांनी बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

बाहेर व्हरांड्यात सिस्टरने त्याला गाठलं.

“सांगितलं होतं ना मी तुम्हाला?”

“हो.”

“अकरा वर्षं तोंडातून शब्द नाही, आणि आज उघडलंत ते माझ्यावरच.”

“हो,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

ती रडली नाही. नाक पुसलं आणि म्हणाली, “आता नुसतं चुकलं म्हणून भागणार नाही. आणा त्या चौदा जणांना. कुठून आणता ते बघा.”

*

त्या रात्री गोळी घेताना त्याने खुंटीवरची पिशवी पाहिली. नावं नव्हती, पत्ते नव्हते. पण त्याला ती माणसं माहीत नसली तरी त्या माणसांना पिशवी माहीत होती.

शुक्रवारी सकाळी तो अर्धा तास आधी निघाला. पिशवी खांद्याला न अडकवता ती धरायची तशी हातात धरली, पट्टे समोर दिसतील अशी. लॉन्ड्रीपर्यंत यायची तिची वाट ठरलेली होती. बँकेवरून, बाजाराच्या कोपऱ्यावरून, मग बस डेपोमागून लॉन्ड्री. तो हळू चालला.

बँकेच्या दारातला रखवालदार रात्रपाळी उतरून चपला बदलत होता. पिशवी पाहून तो उठला, चार पावलं आला, चेहरा पाहून थांबला.

“ताई कुठाय?”

“गेली. मी तिचा नवरा.”

रखवालदाराने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. मग त्याची नजर पिशवीत गेली.

“रिकामी आहे,” तो म्हणाला. “आता स्वतः यावं लागेल. संध्याकाळी, पाच ते आठ. मी असेन.”

“मला कुणी बघितलं म्हणजे?”

“मलाही बघतील.”

बाजाराच्या कोपऱ्यावर चहाच्या गाडीवरची बाई कप विसळत होती. तिने पिशवीकडे बघून न बघितल्यासारखं केलं, एका गिऱ्हाइकाला उगाच घाईने वाटेला लावलं आणि मग हात पुढे केला. तिलाही त्याने तेच सांगितलं. ती भडकली. “त्या होत्या तोवर ठीक होतं. मी नाही यायची. गाडी कोण बघणार? तुझा बाप?” त्याने मान हलवली आणि पुढे गेला. डेपोमागे कुणी भेटलं नाही. एक पोरगी लांबून पिशवीकडे बघत राहिली, तो वळला तशी निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत तो लॉन्ड्रीच्या फाटकाबाहेर उभा राहिला. बायको तिथे यायची म्हणून. तीन महिन्यांतून एकदा ती जेवणाच्या वेळी फाटकाशी यायची, डबा घेऊन. तो सकाळी स्वतःचा डबा न्यायचाच. कशाला येतेस, लोक बघतात, असं तो तिला म्हणायचा. बघू देत की, नवऱ्याला डबा देतेय, पळवून नेत नाही, असं ती म्हणायची. डबा तिने थेट त्याच्या हातात कधी दिला नाही. बाहेर बिडी ओढायला गेलेला लंबू तो आत घेऊन यायचा.

लंबू बाहेर आला. पिशवी पाहून त्याने बिडी विझवली.

“आणल्यास?”

हे तोंडातून निघून गेल्यावर आपण काय विचारलं ते लंबूला कळलं. तो भिंतीला टेकला.

“तुला किती वर्षं झाली?” त्याने लंबूला विचारलं.

“सहा.”

“बोलला नाहीस.”

“तू बोललास?” लंबू म्हणाला. “वहिनींनी शपथ घातली होती. तुला काही सांगायचं नाही, कुणालाच नाही. मला तुझं माहीत नव्हतं, देवाशप्पथ. मला वाटायचं त्या तिथे नोकरीला आहेत.”

“मला वाटायचं ती माझ्यासाठी येते.”

“तुझ्यासाठी यायच्याच की. डबा काय मी खायचो?”

दोघंही फाटकाकडे बघत राहिले. आत भोंगा वाजला.

“माझ्या सोमवारी संपल्या,” लंबू म्हणाला.

“संध्याकाळी चल.”

“कुणी बघितलं तर?”

“मी बघणारच आहे.”

दुपारी त्यांनी दोनशे चादरींच्या घड्या घातल्या. टोकाला टोक, पुढे, मागे. 

*

पाच वाजता त्याने पत्र्याच्या डब्यात कार्ड टाकलं. डब्याचा आवाज मोठा होता. बाकावर बसला तर बाक खरोखरच हलत होता. लंबू दाराबाहेर रस्त्याच्या त्या बाजूला उभा राहिला, पावणेसहापर्यंत. मग आला, कार्ड टाकलं आणि लांबच्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसला. साडेसहाला रखवालदार आला, डोळ्यांवर टोपी ओढून. सव्वासातला चहावाली आली, हाताला अजून साखर चिकटलेली, आणि आल्याआल्या सिस्टरशी भांडली की लवकर सोडा. आणखी दोघं आली, तीही पिशवीकडे बघत, त्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. बाकीचे आले नाहीत.

सिस्टरने त्याचा नंबर पुकारला. वजनाच्या काट्यावर उभं केलं.

“चार किलो कमी. जेवता का?”

“जेवतो.”

“काय जेवता?”

तो आठवू लागला. तिने थांबून उत्तराची वाट पाहिली नाही. संध्याकाळच्या वहीत त्याचा नंबर लिहिला, वजन लिहिलं, रक्तदाब लिहिला. त्याच्याखाली लंबूचा. नेहमीच्या सहा धरून एकूण बारा ओळी झाल्या. तिने बोटाने मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“बारा,” ती म्हणाली. “एकवीस नाहीत.”

“सोमवारी परत फिरतो.”

“खुलासा लिहून दिला मी आज,” ती वहीकडे बघतच म्हणाली. “काय होतं ते बघू.” मग तिने एक बाटली काउंटरवर ठेवली. “ही एका महिन्याची. पुढच्या वेळी परत तुम्हीच. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही.”

“हो.”

त्याने बाटली पिशवीत टाकली. लंबू दवाखान्याच्या फाटकाशी थांबला होता, स्वतःची बाटली शर्टाच्या आत धरून. दोघं एकाच रस्त्याने निघाले. पिशवी पंधरा जणांच्या बाटल्यांच्या मापाने शिवलेली होती. एकटी बाटली चालताना तिच्यात इकडून तिकडे घरंगळत होती, आणि प्रत्येक पावलाला गोळ्या वाजत होत्या.

“हातात धर की,” लंबू म्हणाला.

“राहू दे,” तो म्हणाला.